खळ्यातली पिकअप, आणि ‘ओरिजिनल काबर नही ठेवी’ म्हणणारे

आमच्या खळ्यात जो येतो तो मी भंगारातून बांधलेल्या पिकअपभोवती एक चक्कर मारतो, बोनेटवर टिचकी वाजवतो, वाकून चेसीस बघतो आणि मग विचारतो, “मस्त शे भो, पण ओरिजिनल काबर नही ठेवी?” म्हणजे ओरिजिनल का नाही ठेवली. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे हेच जरा गोड भाषेत विचारतात, रिस्टोर का नाही केली म्हणून. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

तर माझं म्हणणं असं की आपल्याकडच्या जुन्या गाड्यांमध्ये ओरिजिनल असं फार काही नसायचंच. टाटा-मर्सिडीजचे ट्रक १९५४ पासून जमशेदपूरला बनायला लागले, बेडफर्ड हिंदुस्थान मोटर्सवाले बनवायचे, डॉज आणि फार्गो प्रीमियरवाले. यातले कितीतरी ट्रक कंपनीतून निघायचे ते नुसती चेसीस, इंजिन आणि पुढचं काउल (काचेखालचा पत्रा), बस. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून डोक्याला उपरणं गुंडाळून ती उघडी चेसीस शेकडो किलोमीटर आणायचा आणि केबिन, हौदा (मागची माल ठेवायची जागा), फाळका (हौद्याचं मागचं झडप) हे सगळं इथला सुतार आणि लोहार मिळून बांधायचे. मग कंपनीचा ट्रक म्हणायचा की आपल्या सुताराचा? जीपचं तर विचारूच नका. सीजे-३बी म्हणजे ती उंच बोनेटवाली, तिचं बोनेट उंच का तर आत हरिकेन इंजिन, २१९९ सीसी, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिनच उंच झालं आणि बोनेट उचलावं लागलं. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, सरकारने डिझेल वर्षानुवर्षं पेट्रोलपेक्षा स्वस्त ठेवलं (डिझेलचे भाव मोकळे झाले ते थेट २०१४ ला), मग काय, गावोगावच्या गॅरेजवाल्यांनी ती पेट्रोल इंजिनं उतरवली आणि मिळेल ते डिझेल इंजिन बसवलं. आज एखादी जीप ‘ओरिजिनल’ करायची म्हटलं तर आपल्याच उस्ताद लोकांनी चाळीस-पन्नास वर्षांत तिच्यावर केलेलं सगळं काम खरवडून काढावं लागेल. मला ते पटत नाही. मला खान्देशातल्या भंगारातून, खान्देशातल्या कारागिरांकडून बांधलेली पिकअपच हवी होती.

आता गाडीत काय काय आहे ते सांगतो. चेसीस आणि इंजिन महिंद्रा एमएम ५४० जीपचं, धुळ्याला हायवेच्या कडेच्या भंगारात पडलेलं. तोंड, म्हणजे बोनेट, जाळी, पुढचे मडगार्ड आणि काउल एका सीजे-३बी चं, ते पारोळ्याकडे एका मळ्यात कोंबड्यांचं खुराडं झालं होतं. सीट अॅम्बेसेडरची पुढची सलग, तीन माणसं आरामात आणि लग्नसराईत चार. माझा धंदा सबमर्सिबल पंप काढायचा-भरायचा, त्यामुळे तीन पाइपांची घोडी आणि चेन कप्पी घरचीच होती, इंजिन उचलायला वेगळं काही लागलंच नाही. भंगार किलोवर मिळतं हे खरं, पण चेसीस आणि इंजिन घेताना नंबर बघून घ्या आणि बिल मागून घ्या. चोरीच्या गाडीचा तुकडा दारात आला तर सगळी हौस पोलीस स्टेशनात निघेल.

चेसीस ट्रॉलीवरून उतरवली तेव्हा माय ओट्यावरून एवढंच म्हणाली, “हाई भंगारनं काय करशी रे तू?” आबा काहीच बोलले नाहीत, काठीने स्प्रिंगचा एक पाटा ठोकून बघितला आणि गेले.

डोक्यात नमुना होता विलिसच्या जुन्या ट्रकचा, १९४७ ते १९६५ अमेरिकेत बनायचा तो. आपल्याकडे लोकांनी तो फारसा बघितलेला नाही पण जीपचंच भावंड आहे. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. त्या घराण्याच्या गाड्या, म्हणजे आधी स्टेशन वॅगन आणि मग हा ट्रक, ब्रूक्स स्टीव्हन्स नावाच्या डिझायनरने काढल्या. लढाई नुकतीच संपलेली, मोटारींच्या बॉडी बनवणारे मोठे कारखाने दुसऱ्या कंपन्यांच्या कामात अडकलेले, मग घरगुती उपकरणांचा पत्रा दाबणाऱ्या कारखान्यांकडून काम करून घ्यायचं ठरलं. आणि त्यांच्या प्रेसवर पत्रा सहा इंचांपेक्षा खोल दाबता येत नव्हता. म्हणून त्या गाड्या अशा सपाट, सरळ, कमी गोलाईच्या दिसतात. हे वाचलं आणि मी उडालोच, कारण घरगुती उपकरणांचा पत्रा मोडणारा माणूस तर आमच्या गल्लीच्या टोकाला बसतो, कूलरवाला! जळगाव-भुसावळकडचा मे महिना ज्याने काढलाय त्याला सांगायला नको की आमच्याकडे लोखंडी कूलर बनवणाऱ्यांची काय कमी नाही, आणि पावसाळा लागला की हे सगळे रिकामे. अमळनेरचा आमचा कूलरवाला दादा श्रावणात मोकळाच होता. दाराचं डिझाइन आधी पुठ्ठ्यावर कापून नेलं, त्याने ते बघितलं आणि म्हणाला, एवढंच ना, पाणी नाही भरायचं यात?

पत्रा मात्र कूलरचा घ्यायचा नाही. कूलरला पातळ जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा लागतो, आणि जीआयवर वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. केबिनला साधा, जस्त नसलेला सीआर पत्रा घेतला १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, आणि खालचा फरशीचा भाग १६ गेज. दादाच्या हाताच्या बेंडिंग मशीनवर १८ गेज मोडायला दोन माणसं दांड्याला लटकावी लागली, त्यातला एक मी.

केबिनच्या मागच्या दोन गोल कोपऱ्यांवर मात्र गाडी अडली. सपाट पत्रा कोणीही मोडेल, गोलाई कशी आणणार, प्रेस कुठून आणणार. तर उत्तर होतं दोनशे लिटरचा ऑइलचा ड्रम! त्याचा व्यास साधारण ५८ सेंटिमीटर, उभे चार तुकडे केले की प्रत्येकाला बरोबर पाव गोलाई तयार, आणि पत्र्याची जाडीही जवळपास केबिनएवढीच. एका ड्रममध्ये दोन्ही कोपरे बसले आणि दोन तुकडे उरले, त्याचं पुढे काय केलं ते सांगतोच. पण ऐका, ड्रम कापताना आत तेलाचा वास जरी असेल तरी ग्राइंडर लावू नका. रिकाम्या ड्रममध्ये तेल नसलं तरी वाफ असते आणि ठिणगी पडली की झाकण उडतं, माणूस उडतो. सोडा टाकून गरम पाण्याने धुवायचा, मग गळ्यापर्यंत पाणी भरून वरचा भाग कापायचा, तोंड मोकळं झाल्यावर मग बाकीचं. पत्रा पातळ असल्याने सलग वेल्डिंग मारलं तर तो लगेच वाकडातिकडा होतो, म्हणून इथे एक टाका, तिथे एक टाका, थंड होऊ द्यायचं, मग मधले टाके. हे काम घाईच्या माणसाचं नाही. माझा मेहुणा घाईचा आहे, त्याला चहा आणायला पाठवत राहिलो.

चेसीसचं काम मी केलं नाही, करूही नये. एमएम ५४० चा व्हीलबेस ९१ इंच, मागे हौदा ठेवायचा तर तो तोकडा पडतो, म्हणून लांबवून १०४ केला. ट्रॅक्टर-ट्रॉली बांधणारे एक उस्ताद आहेत, आयुष्य चॅनेलवर गेलंय त्यांचं. सरळ उभा काप घेऊन मध्ये तुकडा जोडणं हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात धोक्याचं, कारण सगळा ताण त्या एकाच रेषेवर येतो. उस्तादांनी तिरका काप घेतला, जोडाच्या आतून पट्टी लावली आणि पट्टीची टोकं शंकरपाळ्यासारखी निमुळती ठेवली, म्हणजे जाड चेसीस एकदम कुठे संपत नाही. चेसीसच्या वरच्या-खालच्या काठावर आडवं वेल्डिंग अजिबात नाही. वेल्डिंगचा रॉड ७०१८ नंबरचा, आणि तो आधी गरम करून कोरडा केलेला, ओलसर रॉडने मारलेलं वेल्डिंग वरून छान दिसतं आणि आतून तडकतं. सगळं झाल्यावर त्यांनी चेसीसवर कोपऱ्याकोपऱ्यातून दोरी ताणली, दोन्ही तिरकी मापं सारखी आली तेव्हाच तंबाखू मळायला घेतली.

चेसीस लांबली म्हणजे गिअर डब्यापासून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्टही लांबवावा लागला, आणि खरं सांगायचं तर या अख्ख्या गाडीत मला सगळ्यात जास्त मजा इथे आली. एका क्रॉसने (शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा) फिरणारा शाफ्ट तिरका असला की एकसारख्या वेगाने फिरत नाही. गिअर डब्याकडून वेग सारखा येतो, पण क्रॉसच्या पुढे शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा जरा पळतो आणि दोनदा जरा रेंगाळतो. मागच्या टोकाचा दुसरा क्रॉस हीच गडबड उलटी करून मिटवतो, पण कधी, तर दोन्ही टोकांचे कान (क्रॉस ज्यात बसतो ते) एका रेषेत असतील तेव्हाच, आणि गिअर डब्याचा कोन व हाऊसिंगचा, म्हणजे अॅक्सलच्या डब्याचा कोन जुळत असेल तेव्हाच. लेथवाल्याने पाइप कापून लांब केला आणि कान जरा जरी फिरलेले बसले तरी गाडी चाळीसच्या पुढे गेली की केबिन दळायला लागते. लोक मग चाकं बॅलन्स करतात, रबर बदलतात, आणि दुखणं भलतीकडेच. म्हणून शाफ्ट लेथवर द्यायच्या आधी दोन्ही टोकांना पंचने खूण करा, आणि परत आल्यावर तो सपाट फरशीवर ठेवून कान बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

हाऊसिंग दोन्ही, पुढचं आणि मागचं, त्याच सीजे-३बी चं वापरलं. आतल्या मोठ्या चक्राचे, क्राउनचे दात ४३ आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचे ८, म्हणजे रेशो ५.३८. पुढचं आणि मागचं वेगवेगळ्या गाड्यांचं घेतलंत तर आधी दात मोजा, कारण रेशो जुळला नाही तर फोर व्हील टाकल्यावर दोन्ही हाऊसिंग एकमेकांशी भांडतात आणि शेवटी काहीतरी तुटतंच. या रेशोने गाडीला पळायची सवय लागत नाही. ६.००-१६ चे टायर आणि इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर असलं की हिशेबाने साधारण साठ-बासष्टचा वेग येतो. मळ्यात तेवढा वेग म्हणजे विमानच.

इंजिनाबद्दल फार काही नाही. प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, २११२ सीसी. जाम होतं, नोझल काढून आत डिझेल-रॉकेल सोडून ठेवलं, फ्लायव्हील हाताने थोडं थोडं हलवत सुटलं. लायनर, रिंगा, बेअरिंग नवीन, पंप आणि नोझल धुळ्याला टेस्ट करून आणले. थंडीत हिटर लावल्याशिवाय उठत नाही, तो त्या इंजिनाचा स्वभावच आहे, त्याचं कोणी वाईट वाटून घेऊ नये.

गंज काढायची एक युक्ती मात्र सांगतो कारण ती फुकटच्या भावात आहे. बोनेटचे कबजे, दाराच्या कड्या, ब्रॅकेट असले बारके तुकडे घासत बसलात तर बोटं जातील. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची मायनस वायर गंजलेल्या तुकड्याला आणि प्लस वायर एखाद्या टाकाऊ लोखंडाच्या पट्टीला, दोन्ही पाण्यात पण एकमेकांना न टेकता. रात्रभर ठेवा, सकाळी गंज काळा चिखल होऊन हाताने निघतो आणि चांगलं लोखंड जराही झिजत नाही. वायरी उलट्या लावल्या तर मात्र तुमचाच तुकडा खाऊन टाकेल. प्लसला स्टेनलेस स्टीलची पट्टी लावायची नाही, त्यातल्या क्रोमियममुळे पाणी विषारी होतं. आणि हे बंद खोलीत करू नका, हायड्रोजन निघतो. मी मळ्यातल्या पंपाच्या शेडबाहेर करायचो, शेतीची लाइट आठवडाभर रात्रीची असायची, कपाशीला पाणीही चालू आणि पिंपात बुडबुडेही चालू.

भंगारातून काय आणायचं नाही, त्यात पहिलं नाव ब्रेकचं. ड्रम घासून घेता येतात, बाकी पाइप, रबरी होज, व्हील सिलिंडर, लायनर सगळं नवीन. जुन्या जीपला चारही चाकांना मिळून ब्रेकची एकच लाइन असते, कुठेही एक पाइप फुटला की पायाखाली काहीच राहत नाही. म्हणून मास्टर सिलिंडर दोन खणांचा बसवला, पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी. स्टिअरिंगचे बॉल जॉइंटही नवीन. लोक रंगावर पैसे घालतात आणि इथे वाचवतात, तिथे माझं डोकं फिरतं.

पुढची काच दोन तुकड्यांची आणि सपाट आहे, याचा फायदा असा की लॅमिनेटेड काच घेऊन गावातच कापून मिळाली. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, हात लावला की दाणे दाणे होते.

आता हौदा, आबांचं खातं. तोपर्यंत ते बाजूला बसून बघायचे फक्त. हौद्याच्या तळाला चेकर प्लेट टाकू म्हटलं तर म्हणाले, उन्हात तापल्यावर त्यावर पोतं ठेवशील की भाकरी भाजशील? जुन्या पिकअपच्या हौद्यांना खाली लाकडी फळ्या आणि फळ्यांच्या सांध्यावर लोखंडी पट्ट्या असायच्या, लाकूड मालाचा मार खातं आणि पट्टीवरून माल सरकतो. आमच्या वाड्यात आजोबांची बैलगाडी मोडून पडलेली. तिच्या बाभळीच्या फळ्या अजून टणक, सुतारबाबांनी रंधा मारला तर रंध्याचं पातंच बोथट झालं. पट्ट्यांसाठी आबांनी स्वतः बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव काढून दिली, लोहाराने ती तापवून सरळ केली, उभी चिरून पट्ट्या पाडल्या, भोकं पाडली. लोखंड बघाल तर आजच्या बाजारातल्या पट्टीपेक्षा सरस. फळ्यांना दोन्ही बाजूंनी गरम केलेलं जवसाचं तेल पाजलं. ड्रमचे ते उरलेले दोन तुकडे मागच्या मडगार्डला लागले, अगदी मापात. फाळक्याला साखळ्या बैलगाडीच्याच.

रंगाचं थोडक्यात. उन्हाळ्यात दुपारी गनने रंग मारला तर थेंब पत्र्यावर पोचायच्या आधीच सुकतो आणि पत्र्याला संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडतात. पहाटे मारायचा, हळू सुकणारं थिनर घ्यायचं, आणि आजूबाजूला कोणी कापूस किंवा भुसा उडवत नाही ना ते बघायचं. रंग फिका हिरवा. बायकोने निवडला, मला करडा हवा होता.

गाडी रस्त्यावर चालते का, हा पुढचा प्रश्न. नाही चालत, आणि मी चालवतही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यावर सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत. मग कोणी म्हणतं, व्हिंटेजमध्ये नोंद कर. ते नियम २०२१ मध्ये आले, ‘व्हीए’ अक्षरांची नंबर प्लेट मिळते, २०,००० रुपये फी, दहा वर्षांसाठी. पण अट काय, तर गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी आणि मूळ रूपात हवी, चेसीस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको, आणि एवढं करून रोजच्या वापराला बंदीच. माझ्या गाडीची चेसीस एका पिढीची, तोंड दुसऱ्या पिढीचं, तळ बैलगाडीचा. कुठल्या खान्यात बसवणार तिला? नियम चुकीचे आहेत असंही मी म्हणत नाही, घरी लांबवलेल्या सगळ्याच चेसीस आमच्या उस्तादांनी लांबवलेल्या नसतात. ज्यांना रस्त्यावरच फिरवायची आहे त्यांनी कागदवाली गाडी घ्या आणि आहे तशी नीट करा, माझा नाद करू नका.

मळ्यात मात्र ती पोट भरून काम करते. विहिरीपासून खळ्यापर्यंत पाइप, मोटारी, खताच्या गोण्या, वेचणीच्या दिवसांत कपाशीची गाठोडी. थंडीत भरिताची पार्टी ठेवली तेव्हा उस्ताद, कूलरवाला दादा, सुतारबाबा सगळ्यांना बोलावलं होतं, वांगी भाजायच्या काटक्याही त्याच हौद्यातून आणल्या. उस्तादांनी जेवायच्या आधी खाली सरपटत जाऊन आपला जोड बघितला, मगच हात धुतले.

वायरिंग अजून अर्धंच झालंय, वायपर एकाच बाजूचा फिरतो, आणि दाराच्या काचा वरखाली करायची मशीन मापाची मिळत नाहीये, सध्या काचा चामड्याच्या पट्ट्याने ओढतोय. अॅम्बेसेडरची मशीन जरा लांब पडते, ती कापून बसते का ते पोळ्यानंतर बघणार.